तुमचं ते इंग्लंड

बाबा, पुढच्या वर्षी रग्बीचा विश्वचषक आहे, त्यात इंग्लंड आणि वेल्स एकाच गटात आले आहेत, आणि माझ्या डोक्याला त्यामुळे जो ताप झाला आहे त्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. तुम्हाला जाऊन वीस वर्षांवर झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण मी दुसऱ्या कोणाशी भांडू, तुम्हीच सांगा! या अख्ख्या भोपाळात इंग्लंड हरलं म्हणून न जेवता झोपणारी दोनच माणसं होती. त्यातले एक तुम्ही फोटोत जाऊन बसलात. दुसरी मी, इथे कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये, वय वर्षं सत्तेचाळीस, शाळेत गणित शिकवते आणि आठवडाभर मला एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही.

प्रश्न तुमच्या नातवाचा आहे. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. नाक तुमचं आहे आणि हट्टही तुमचाच, दुसरं मी काय सांगू. तो ऑस्ट्रेलियात शिकायला आहे आणि विश्वचषकही तिथेच आहे, म्हणून त्याने इंग्लंड-वेल्स सामन्याची दोन तिकिटं काढून ठेवली, एक त्याचं आणि एक माझं. सामना दसऱ्याच्या आगेमागे. घट कोण बसवणार, माळ कोण बांधणार, यावरून आईची कुरकुर सुरू झालीच आहे, पण ते मी बघून घेईन. पठ्ठ्याने मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलं, “आई, जर्सी कोणती ऑर्डर करू? पांढरी की लाल? जल्दी सांग ना यार, साइझ संपून जातात.” पांढरी म्हणजे इंग्लंड, लाल म्हणजे वेल्स. मी म्हटलं, सांगते. तो म्हणाला, “यात विचार काय करायचा? आपण तर इंग्लंडवाले आहोत ना?” मी म्हटलं, सांगते म्हटलं ना! आणि फोन ठेवून दिला. उगाच बिचाऱ्यावर डाफरले.

इंग्लंडवाले! हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. लोकांना वारशात शेत मिळतं, सोन्याची पाटली मिळते, मला हा संघ मिळाला. तुम्ही ज्यांच्यासाठी घसा फोडायचात ते तुम्ही असेपर्यंत एकदाही विश्वचषक जिंकले नाहीत, आणि तुम्ही गेल्याच्या पुढच्याच वर्षी जिंकले, तेही या ऑस्ट्रेलियातच. मी भर दुपारी तान्ह्या मुलाला... नाही, तो तेव्हा पोटात होता. पोटावर हात ठेवून एकटीने तो सामना पाहिला आणि ते जिंकल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी मला तुमचा इतका राग आला की मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोला मोठ्याने म्हटलं, थोडं थांबता आलं नाही का? त्यानंतर आजतागायत पुन्हा काही नाही. अंतिम सामन्यापर्यंत जातात आणि हरतात. मागच्या वेळी उपांत्य सामन्यात अवघ्या एका गुणाने हरले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझे डोळे सुजलेले बघून हिंदीच्या बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी रग्बी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “वो अमेरिका वाला ना, हेल्मेट वाला?” आता त्यांना काय सांगणार, हेल्मेटवाला तो वेगळा. आमचा बिनहेल्मेटचा. यात अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि साथीदाराला द्यायचा तर मागेच फेकायचा, पुढे फेकायचा नाही. तुम्ही मला हा नियम कसा समजावला होता आठवतं? “सरकारी कचेरीसारखं आहे. फाइल मागच्या टेबलावर सरकवत राहायचं आणि आपण पुढे जायचं.” आजोबांनी नागपूरहून बदली होऊन इथे सरकारी कचेरीतच जन्म काढला, त्यामुळे मला लगेच कळलं.

त्या हिवाळ्यात मी पंधरा वर्षांची असेन. आपण अवधपुरीच्या घरात राहायचो. मंडीदीपच्या तुमच्या कारखान्यात परदेशी मशीन बसत होती आणि ती बसवायला साहेब आले होते. उंच, लालबुंद, आईच्या वरणाच्या फोडणीनेसुद्धा ज्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी “व्हेरी नाइस” म्हणणारे. तुम्ही मेंटेनन्सचे फोरमन, दिवसभर त्यांच्याबरोबर. गेस्ट हाउसच्या टीव्हीवर रग्बी दिसत नव्हती, आपल्या केबलवर दिसायची, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी साहेब आपल्याकडे. काय तुमचा तोरा त्या दिवसांत! दुपारपासून दिवाणावरची चादर दोनदा बदलायला लावायचात. सगळ्या कॉलनीला कळलं पाहिजे की आपल्याकडे अंग्रेज़ साहब येतात, म्हणून मला मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटं आणायला पाठवायचात, तीही घरात असताना.

पहिल्याच शनिवारी आईने तुमच्यामार्फत त्यांना विचारलं, तुमचं गाव कोणतं? त्यांनी स्पष्ट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, “वेल्स.” आणि तुम्ही आम्हाला काय सांगितलंत? “वेल्स म्हणजे इंग्लंडातलंच एक गाव. आपलं मंडीदीप कसं? जिल्हा रायसेन, पण मंडीदीपचा माणूस बाहेर गेला की भोपाळचाच म्हणवतो ना स्वतःला? तसं.” आम्ही मान डोलावली. तुम्ही इतक्या खात्रीने बोलायचात की साहेबांनीसुद्धा, मराठी न कळता, मान डोलावली. बरं, हे बोलणारा माणूस कोण? शेजारचे काका नुसतं “आप लोग तो बंबई साइड के हैं” म्हणाले की जो माणूस त्यांना फाटकापाशी अर्धा तास उभं करून “नागपूर कहाँ, बंबई कहाँ!” शिकवायचा, तो! मराठी म्हणजे मुंबईचा, एवढं म्हटलेलं तुम्हाला खपत नव्हतं, आणि गोरा म्हणजे इंग्लंडचा हे मात्र तुम्ही बिनदिक्कत ठरवून मोकळे.

मग सुरू झालं ते तुमचं ओरडणं. “कम ऑन इंग्लंड! दबा के! अरे पकड त्याला, पकड!” आणि दर वेळी साहेबांच्या गुडघ्यावर थाप. साहेब कपात तोंड घालून हसतात. कधी म्हणजे कधी ओरडत नाहीत. तुम्ही आम्हाला आत येऊन हळूच सांगता, “इंग्रज माणूस. संयम बघा किती.” आणि तो शनिवार, बाबा! इंग्लंड आणि वेल्सचाच सामना. गावाचा संघ देशाशी सराव करतोय आणि साहेब अर्थातच देशाच्या बाजूचे, असं तुम्ही ठरवून टाकलेलं. लाल शर्टवाले हरतायत, तुम्ही दिवाणावर जवळजवळ उभे राहिला आहात, साहेब भिंतीला टेकून बसले आहेत आणि त्यांचा चहा निवतोय. सामना संपतो. तुम्ही आत येऊन आईकडून पेढ्यांचा डबा घेता, सगळ्यात मोठा पेढा उचलता आणि “काँग्रॅच्युलेशन्स, साहेब!” म्हणून स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात घालता. त्यांच्याच संघाला हरवल्याबद्दल! आणि तो माणूस खातो. “व्हेरी नाइस” म्हणतो. आता तो प्रसंग आठवला की मला पलंगाखाली जाऊन बसावंसं वाटतं.

उन्हाळा लागायच्या आत मशीन चालू झाली आणि साहेब परत गेले. जाताना तुम्हाला त्यांनी स्वतःची जर्सी दिली, लाल, छातीवर तीन पिसं. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात ती तुम्ही खाकी शर्टाच्या आतून घालायचात आणि कंपनीच्या बसची वाट बघत उभे असलात की तुमच्या गळ्यापाशी लाल कॉलर दिसायची. इंग्लंडचा सामना असला तरी आत तीच. मी एकदा विचारलं. साधंच विचारलं, बाबा, वर्गात शिक्षकांना शंका विचारावी तसं. “इंग्लंड तर पांढऱ्यात खेळतं, मग हा लाल शर्ट कोणाचा?” तुम्ही भाकरीचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “फार शहाणी झालीस. परगावी खेळायला गेले की लाल घालतात.” मग टीव्हीवर लाल शर्टातले वेल्सवाले दिसले तेव्हा मी तुमच्याकडे नुसतं पाहिलं, तर म्हणालात, “आपलाच रंग उचललाय त्यांनी. नक्कल करतात.” नक्कल! मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण “फार शहाणी झालीस” हे तुम्ही ज्या आवाजात म्हणायचात त्यानंतर कोणाची टाप होती पुढे बोलायची. मी पुन्हा विचारलं नाही.

मोठी झाल्यावर अर्थात सगळं कळलं. वेल्स वेगळा देश, वेगळा संघ, तीन पिसं त्यांची, आणि या दोघांचं रग्बीतलं वैर म्हणजे सख्ख्या भावकीचं. पण तोवर तुम्ही नव्हतात. मी स्वतःची समजूत घातली की बिचाऱ्यांना कळलंच नाही. चांगला माणूस, इंग्रजी कामापुरतं, त्यांना कोण सांगणार? तुमच्या त्या चुकीवर मी माया केली, बाबा. तुमची चूक म्हणून इतकी वर्षं इंग्लंडला धरून राहिले, मुलालाही तेच शिकवलं. कुलदैवत का आपण निवडतो, वडिलांनी दिलं ते आपलं, असं म्हणत राहिले.

आणि मागच्या रविवारी, मुलाचा फोन ठेवल्यावर, मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. आई मटार सोलत बसली होती. “काहून गं एवढी तापलीस?” मी सांगितलं. म्हटलं, लाल घातली तर बाबांचा अपमान, पांढरी घातली तर त्या साहेबांचा, पेढा भरवलेल्या माणसाचा. बाबांना निदान माहीत तरी नव्हतं, मला माहीत असून मी पांढरी कशी घालू? आई एक शेंग सोलून झाल्यावर म्हणाली, “माहीत नव्हतं कोण म्हणतं?”

“म्हणजे?”

“अगं, साहेबांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते ना हे, तेव्हा तो लाल शर्ट हातात देऊन साहेबांनी सगळं सांगितलं. हसत हसतच सांगितलं म्हणे. घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, अगं, तो माणूस वेल्सचा. वेगळा संघ त्यांचा. आणि आपण अख्खा हिवाळा त्याच्या शेजारी बसून... आणि मी वरून पेढा भरवला त्याला!”

“मग साहेब आधी का नाही बोलले?”

“हेच विचारलं यांनी त्यांना. तर म्हणाले, मी तुमच्या घरी पाहुणा होतो.”

मी तिथेच पाट ओढून बसले. विचारलं, मग बाबा नंतर इंग्लंड-इंग्लंड का करत राहिले? आई म्हणाली, “आता काय सांगू! सगळ्या कॉलनीत, कारखान्यात सांगून झालेलं. मी म्हटलं, बदला की संघ, कोण विचारतंय. तर म्हणे, पोरीला काय सांगू? बापाला एवढंही कळत नव्हतं? पडलो तरी नाक वर, तुझ्या बाबांचं. मला शपथ घातली. आता तूच एवढी जीव खातेस म्हणून सांगितलं.”

मला राग आला, बाबा. खरा राग. तुम्हाला माहीत होतं. माझ्या डोळ्यांत बघून “परगावी लाल घालतात” म्हणालात तेव्हा माहीत होतं, नक्कल करतात म्हणालात तेव्हाही. आणि मी इकडे वीस वर्षं तुमच्या अज्ञानाची राखण करत बसले! मला एकटीला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी कोणाला सांगितलं असतं का? फार तर हसले असते. आपण दोघं मिळून हसलो असतो त्या पेढ्यावर, पोट दुखेपर्यंत. तेवढं एक हसणं तुम्ही मला मिळू दिलं नाहीत, आणि का, तर नाक! आईने मटारचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “सोल आता. आणि एवढंही नाही हं, ऐकून घे. ओरडायचे इंग्लंडसाठी, पण ते वेल्स का काय, ते जिंकलं की दुसऱ्या दिवशी आंघोळ करून देवापुढे साखर ठेवायचे.”

साखर! मी सोलायची थांबले. आपल्याकडे काही चांगलं घडलं, कोणी पास झालं, कोणाचं लग्न जमलं, की आधी देवापुढे साखर आणि मग सगळ्यांच्या हातावर. पण काही रविवारी तुम्ही ओल्या अंगावर पंचा गुंडाळून, काही न घडता, माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायचात. मी विचारायचे, कशाची? तुम्ही म्हणायचात, “असंच. खा.” फार वेळा नाही व्हायचं. त्या वर्षांत वेल्स हरायचंच जास्त. आणि एकदा, मी कॉलेजात होते, वेल्सने इंग्लंडला अगदी शेवटच्या क्षणी एका गुणाने हरवलं होतं. तुम्ही दिवाणावर मूठ आपटलीत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं “सत्यानाश!” ओरडलात आणि टीव्ही बंद केलात. मी रडवेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसला निघताना तुम्ही माझ्या हातावर साखर ठेवलीत. मी चिडून म्हटलं, हरल्याची साखर? तुम्ही पटकन पाठ वळवून बूट घालायला लागलात आणि म्हणालात, “खा गं मुकाट्याने.” तुमची मान लाल झाली होती. मला वाटलं थंडीने. पण एप्रिल होता तो, बाबा! भोपाळच्या एप्रिलात कसली आली आहे थंडी? मला गणिताची शिक्षिका कोणी केली देव जाणे.

त्या क्षणी मी फसकन हसले आणि मग मला रडू आलं, आणि आई “अगंबाई, हे काय” करत पदराला हात पुसत उठली. तुमची ती जर्सी आम्ही पेटीतून काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास. कोपरांवर आईने रफू केलेलं, लाल दोरा मिळाला नाही म्हणून मरून रंगाच्या दोऱ्याने. साहेब आता असतील की नसतील, कोणास ठाऊक. असतील तर फार म्हातारे असतील, आणि पुढच्या वर्षी तो सामना लागेल तेव्हा कुठल्याशा खुर्चीत बसून बघतील, आणि भोपाळच्या त्या फोरमनने भरवलेला पेढा त्यांना आठवेल की नाही, हेही मला कधी कळायचं नाही. मी जर्सी उन्हात टाकली. संध्याकाळी घडी करून परत ठेवली. घालून पाहिली नाही. ती तुमची आहे.

आज मुलाचा पुन्हा फोन आला. “आई, आता शेवटचं विचारतो. पांढरी की लाल?” मी आठवडाभर जे मुद्दे घोळवले होते ते सगळे त्या क्षणी कुठे गेले कोण जाणे. मी म्हटलं, “पांढरी.” तो म्हणाला, “पक्का? पण आजी तर मला म्हणाली की आजोबा असलमध्ये वेल्सचे...” आईच्या पोटात आता काही राहत नाही. मी म्हटलं, “आजीचं काय ऐकतोस! आपण इंग्लंडवाले. पांढरी म्हटलं ना एकदा!” असं म्हटलं आणि माझा मलाच आवाज ऐकू आला, आणि तो माझा नव्हता हो, तुमचा होता, अगदी “फार शहाणी झालीस”वाला. आतून आई म्हणाली, “खाण तशी माती,” आणि कुकरची शिट्टी झाली.

तेव्हा मी पांढरी घालून बसणार आहे, बाबा. बेंबीच्या देठापासून ओरडणार आहे. तुम्ही सुरू केलंत ते चारचौघांत बदलायला मला काही जमायचं नाही, तुमच्यावर कितीही चिडले तरी. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही म्हणूनच एवढं एक कबूल करते. तिथल्या विमानतळावर खाण्याचं काही नेऊ देत नाहीत म्हणे, पण साखर काय, कुठल्याही कॉफीच्या दुकानात पुडीतून मिळते. एक घेऊन पर्समध्ये ठेवीन. त्या संध्याकाळी लाल शर्टवाले जिंकले तर ती फोडून मुलाच्या हातावर ठेवीन. तो विचारेल, हरलो ना आपण, मग ही कशाची? मी सांगेन, असंच. खा.